अमेरिकेतले रेसट्रॅक गाठायचे तर आधी वार बघा, मग नकाशा

न्यू जर्सी किंवा पेनसिल्व्हेनियात राहणारा हौशी रेसप्रेमी, जमतील तेवढे वेगवेगळे ट्रॅक बघून मोजायचे म्हणून, ट्रॅकांची यादी करायला बसला, की पहिल्यांदा नकाशा उघडतो. घरापासून शंभर-दीडशे मैलांतले ट्रॅक टिपतो आणि शनिवारी निघतो. इथेच गाडं अडतं. शनिवारी संध्याकाळी त्या टापूतले बहुतेक ट्रॅक एकाच वेळी चालू असतात, त्यामुळे बघून होतो एकच. उरलेले पुढच्या शनिवारी, मग त्याच्या पुढच्या. मे ते सप्टेंबर संपतो आणि यादीतले जेमतेम आठ-दहा ट्रॅक पुसले जातात. अंतर ही खरी अडचण नव्हेच. वार मोजके आहेत आणि ते जपून खर्चायचे आहेत.

हा लेख अमेरिकेतल्या छोट्या लंबवर्तुळाकार ट्रॅकांसाठी आहे. पाव मैल ते अर्धा मैल लांबीचे, मातीचे किंवा डांबरी, आठवड्याला एक शर्यत भरवणारे हे ट्रॅक. उदाहरणं मुख्यतः मध्य पेनसिल्व्हेनियातली घेतली आहेत. पोकोनो किंवा डोव्हरसारख्या मोठ्या ट्रॅकांच्या तारखा महिनोन्‌महिने आधी कळतात, तिथे चुकायला फारसा वाव नसतो.

१. ‘बघितला’ कशाला म्हणायचं ते आधी ठरवा

घरातून निघण्याआधी नियम कागदावर लिहा. मागाहून नियम ठरवले की ते सोयीचे ठरतात आणि यादीवरचा आपलाच विश्वास उडतो. निदान एवढ्या प्रश्नांची उत्तरं हवीत:

- किती बघितलं म्हणजे मोजायचं? हिरवा झेंडा पडून सुरू झालेली एक तरी शर्यत, मग ती हीट (मुख्य शर्यतीआधीची छोटी पात्रता शर्यत) का असेना, हा किमान नियम ठेवा. नुसता सराव, हॉट लॅप (शर्यतींआधीच्या वेगवान सराव फेऱ्या) किंवा वेळेची फेरी धरू नका.
- एका आवारात दोन ट्रॅक असतील तर? इंडियानापोलिसला अडीच मैलांचं ओव्हल आहे, आतला रोड कोर्स आहे, आणि तिसऱ्या वळणाच्या आत पाव मैलाचा मातीचा ट्रॅकही आहे. एक मोजायचा की तीन?
- पृष्ठभाग बदलला तर? टेनेसीतल्या ब्रिस्टलच्या काँक्रीटच्या ट्रॅकवर २०२१ ते २०२३ या काळात वसंतातल्या शर्यतीसाठी माती अंथरली होती.
- ट्रॅक नव्याने बांधला तर? न्यू जर्सीतल्या ब्रिजपोर्टला पाच-अष्टमांश मैलाचा जुना ट्रॅक मोडून २०२० मध्ये चार-दशांश मैलाचा केला.
- फक्त नाव बदललं तर? ससक्वेहॅना स्पीडवे आता बॅप्स मोटर स्पीडवे झाला. इथे मात्र उत्तर एकच: नवा आकडा नाही.

आमचं मत विचाराल तर लांबी किंवा आखणी बदलली तर नवा ट्रॅक, माती अंथरली तर जुनाच. तुमचं मत वेगळं असू शकतं, पण ते सीझनच्या मध्ये बदलू नका.

⚠ डिमोलिशन डर्बी (गाड्या एकमेकींवर आदळण्याचा खेळ), ट्रॅक्टर पुल आणि मॉन्स्टर ट्रक हे सगळं त्याच आवारात, त्याच तिकीटखिडकीवर विकलं जातं. ट्रॅकच्या वेळापत्रकात तारीख दिसली म्हणजे शर्यतच आहे असं धरू नका.

२. यादी अंतरावर नको, दुर्मीळपणावर लावा

सगळे ट्रॅक एका तक्त्यात उतरवा आणि प्रत्येकापुढे वर्षात साधारण किती शर्यती होतात ते लिहा. मग तीन गट पाडा.

पहिला गट वर्षातून एक-दोनदाच चालणाऱ्या ट्रॅकांचा. काउंटी फेअरच्या मैदानावरचे ट्रॅक आणि हिवाळ्यात बंदिस्त सभागृहात होणाऱ्या शर्यती यात येतात. अटलांटिक सिटीचं बोर्डवॉक हॉल आणि ॲलनटाउनचं पीपीएल सेंटर इथे जानेवारीच्या सुमारास छोट्या गाड्यांच्या शर्यती होतात. बाहेर बर्फ असताना यादी पुढे सरकवायचा हा जवळपास एकमेव मार्ग.

दुसरा गट आडवारी चालणाऱ्या ट्रॅकांचा आणि ज्यांचं भवितव्य डळमळीत आहे त्यांचा. जमीन विकली जातेय, घरांचे प्रकल्प येताहेत, शेजाऱ्यांच्या आवाजाच्या तक्रारी नगरपालिकेत गेल्यात अशा बातम्या आल्या की तो ट्रॅक यादीत वर घ्या. फ्लोरिडात टँपाजवळचा ईस्ट बे २०२४ चा सीझन संपल्यावर बंद झाला. न्यू जर्सीतला फ्लेमिंग्टन २००२ नंतर चाललाच नाही. ‘पुढच्या वर्षी जाऊ’ म्हणणाऱ्यांच्या यादीत अशी कायमची भोकं असतात. उलटंही घडतं: १९९६ मध्ये बंद पडलेला नॉर्थ विल्क्सबोरो २०२२ मध्ये पुन्हा जागा झाला. म्हणून बंद ट्रॅकांची ओळ खोडू नका, वेगळ्या पानावर ठेवा.

तिसरा गट दर शुक्रवारी किंवा शनिवारी हमखास चालणाऱ्यांचा. हे कुठे पळत नाहीत. घराजवळचा हमखास ट्रॅक सगळ्यात शेवटी.

तपासणी: पहिल्या गटातल्या प्रत्येक ट्रॅकपुढे नेमकी तारीख लिहिलेली आहे का? नसेल तर यादी अजून कच्ची आहे.

३. आठवडा जुळवा

प्रत्येक भागाची वारांची एक घडी बसलेली असते. मध्य पेनसिल्व्हेनियात शुक्रवार विल्यम्स ग्रोव्हचा, शनिवार लिंकनचा किंवा पोर्ट रॉयलचा. विल्यम्स ग्रोव्हपासून ॲबट्सटाउनचं लिंकन पंचवीसेक मैल, पोर्ट रॉयल पन्नासेक मैल. म्हणजे एका मुक्कामात दोन ट्रॅक सहज होतात, आणि रविवारी त्या भागात काही असेल तर तिसरा. लिंकन आणि पोर्ट रॉयल एकाच रात्री करायच्या भानगडीत पडू नका. दोन्हींच्या सुरुवातीच्या वेळा जवळजवळ एकच असतात.

इंडियानातही असंच: ब्लूमिंग्टनचा वार पूर्वापार शुक्रवार, लॉरेन्सबर्ग आणि पुटनमव्हिलचा लिंकन पार्क शनिवारचे, कोकोमो रविवारचा. तिकडे जाणाऱ्यांनी घड्याळाकडेही बघावं. लॉरेन्सबर्ग पूर्व वेळेवर चालतं, तर नैर्ऋत्य कोपऱ्यातलं हॉबस्टाट मध्य वेळेवर. एका दिशेने जाताना तास मिळतो, दुसऱ्या दिशेने येताना पहिली हीट हातची जाते.

पण आकडा खरोखर वाढवायचा असेल तर वार्षिक सुट्टी ‘स्पीडवीक’साठी राखून ठेवा. या आठवड्यात स्प्रिंट कारचा (छोट्या ट्रॅकसाठीच्या हलक्या, उघड्या चाकांच्या रेसगाड्यांचा) तोच ताफा रोज रात्री वेगळ्या ट्रॅकवर उतरतो. ओहायोचा स्पीडवीक साधारण जूनमध्ये, पेनसिल्व्हेनियाचा जूनअखेर ते जुलैच्या सुरुवातीला, इंडियानाचा जुलैत. एरवी सोमवार-मंगळवारी गप्प असलेले ट्रॅक या दिवसांत चालू असतात. पेनसिल्व्हेनियाच्या आठवड्यात बेक्टल्सव्हिलचा ग्रँडव्ह्यू मंगळवारी येत आला आहे. न्यू जर्सीतल्या एडिसनहून तो ऐंशी मैलांच्या आसपास, म्हणजे ऑफिस करूनही गाठता येईल असा. इथल्या स्पीडवीकला ४ जुलैची गर्दी आडवी येते, म्हणून हॉटेल आधी आणि रजेचा अर्ज त्याच्याही आधी.

जोड दिवस, म्हणजे दुपारी एक ट्रॅक आणि रात्री दुसरा, कागदावर फार आकर्षक दिसतो. तो तेव्हाच धरा जेव्हा दुपारचा ट्रॅक डांबरी आहे, दोन्हींतलं अंतर दीड तासाच्या आत आहे, आणि दुपारच्या ट्रॅकवरच्या हीट बघून निघालात तरी तुमच्या नियमात बसतं. मातीचे ट्रॅक दुपारी क्वचितच चालतात. भर उन्हात माती सुकते, धूळ उठते आणि गाड्यांना पकड मिळत नाही.

⚠ शुक्रवारी एडिसनहून विल्यम्स ग्रोव्ह हे दीडशेहून जास्त मैलांचं अंतर मोकळ्या रस्त्यावर तीन तासांत होतं. दुपारी तीननंतर निघालात तर आय-७८ महामार्गावरचे ट्रक आणि सुट्टीवर निघालेली गर्दी तासभर सहज खातात. दुपारी एकच्या आत निघा किंवा आदल्या रात्री तिकडे जाऊन राहा.

४. तारीख तीनदा तपासा

जानेवारीत छापलेलं वेळापत्रक म्हणजे नुसता इरादा. तीन वेळा खातरजमा करा: आठवडाभर आधी ट्रॅकची वेबसाइट, आदल्या दिवशी त्यांचं फेसबुक पान, आणि निघण्याआधी फोन. वेबसाइट आठवडेच्या आठवडे जुनी असू शकते; रद्द झाल्याची बातमी फेसबुकवर आधी येते.

वेळापत्रक वाचताना तीन वेळा वेगळ्या ओळखा. गेट उघडण्याची, हॉट लॅपची आणि शर्यत सुरू होण्याची. नवखे लोक हॉट लॅपची वेळ शर्यतीची समजून धावतपळत येतात, किंवा शर्यतीच्या वेळेला पोहोचून पार्किंगच्या रांगेतूनच पहिली हीट ऐकतात.

गाड्यांचा वर्गही बघा. मध्य पेनसिल्व्हेनियात मुख्य आकर्षण ४१० घनइंच इंजिनाच्या पंखवाल्या स्प्रिंट कार. एखाद्या रात्री त्या नसतात आणि फक्त ३५८ घनइंचाच्या स्प्रिंट किंवा स्ट्रीट स्टॉक (साध्या गाड्यांवरून केलेल्या रेसगाड्या) असतात. आकडा दोन्हींनी वाढतो, पण एवढं गाडी चालवून काय बघायला मिळणार हे माहीत असावं.

तिकीट: साध्या आठवड्याच्या शर्यतीला आगाऊ काढायची गरज नसते. वर्ल्ड ऑफ आउटलॉजसारखी फिरती मालिका येणार असेल, विल्यम्स ग्रोव्हची ऑक्टोबरमधली नॅशनल ओपन किंवा आयोवातल्या नॉक्सव्हिलची ऑगस्टमधली नॅशनल्स असेल, तर तिकीट आणि खोली दोन्ही महिनोन्‌महिने आधी. अशा मोठ्या रात्री नवा ट्रॅक बघायला निवडू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. तोच ट्रॅक साध्या रात्री निम्म्या पैशात आणि मोकळ्या बाकावर बघता येतो.

५. पावसाचा हिशेब

सर्वाधिक फेऱ्या वाया जातात त्या पावसाने, आणि त्यातल्या बऱ्याच टाळता येण्यासारख्या असतात.

मातीच्या ट्रॅकवर दिवसभर पाणी मारून, नांगरून, दाबून पृष्ठभाग तयार करतात. त्या तयार मातीवर दुपारी एक सर आली तरी वरचा थर निसरडा होतो. मग ट्रक आणि रेसच्या गाड्या संथ फिरवून तो दाबून सुकवावा लागतो. त्याला तास-दोन तास जातात, आणि खाली पाणी मुरलं असेल तर काहीच उपयोग होत नाही. स्प्रिंट कारला काच नाही, वायपर नाही. भुरभुर सुरू झाली की लाल झेंडा.

डांबरी ट्रॅक लवकर सुकतो, पण त्याची खोड वेगळी. ऊन पडल्यावरही भेगांतून पाणी झिरपत राहतं, आणि तेवढ्या एका ओल्या पट्ट्यापायी शर्यत अडते.

यावरून क्रम असा ठरवा:

- दोन दिवस आधी: ‘पावसाची शक्यता ४० टक्के’ हा आकडा बघून काही ठरवू नका. तासागणिक अंदाज बघा. सकाळी सहाचा पाऊस आणि दुपारी चारचा पाऊस यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.
- त्याच वेळी पर्यायी ट्रॅक पक्का करा. या भागात ढगांचे पट्टे सहसा पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकतात. पट्टा दुपारी येणार असेल तर पर्याय पश्चिमेकडे शोधा. तिथे तो सकाळीच पडून गेलेला असेल आणि सुकायला वेळ मिळालेला असेल. शक्यतो तो डांबरी निवडा.
- निघण्याआधी: रडार बघा, मग फोन करा. फोनवर ‘पाऊस आहे का’ असं विचारू नका; ‘मातीवर काम चालू आहे का, निर्णय किती वाजता घेणार’ असं विचारा. निर्णयाची वेळ कळली की तुमचा वळायचा शेवटचा फाटा ठरतो.
- वाटेत: त्या फाट्याजवळ थांबा, फेसबुक बघा, मगच पुढे जा किंवा पर्यायाकडे वळा.

⚠ पावसाने रद्द झाल्यावर बहुतेक ठिकाणी पैसे परत न देता रेन चेक मिळतो, म्हणजे तेच तिकीट पुढच्या शर्यतीला चालतं. पण ठरावीक हीट पूर्ण झाल्या असतील तर कार्यक्रम ‘झाला’ असं धरून तोही मिळत नाही. तिकिटाचा फाटलेला अर्धा तुकडा फेकू नका.

६. पिशवीत काय हवं

कान आणि डोळे, याच क्रमाने. फोमचे इअरप्लग एनआरआर (आवाज किती कमी होतो त्याचा आकडा) ३० च्या आसपासचे घ्या. ते दोन बोटांत वळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर-मागे ओढायची, प्लग आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटाने धरायचा. बहुतेकांचे प्लग अर्धे बाहेरच राहतात, आणि मग ‘हे काही उपयोगाचे नाहीत’ अशी तक्रार होते. वर अख्खा कान झाकणारे मफ घातले तर संरक्षण दुप्पट होत नाही, पाचेक डेसिबलनेच वाढतं. तरीही स्प्रिंट कारसाठी दोन्ही घाला. लहान मुलांना प्लग नकोत, त्यांच्या मापाचे मफ हवेत.

चष्मा पारदर्शक काचांचा घ्या. रंगीत गॉगल सूर्य मावळेपर्यंत ठीक, पण ढेकळं खरी उडतात ती रात्रीच्या फीचरमध्ये, म्हणजे मुख्य शर्यतीत. स्टँडचं तोंड पश्चिमेला आहे का, हे उपग्रह नकाशावर आधीच दिसतं. असेल तर टोपीही हवी.

याशिवाय रोख डॉलर (पंचवीस-तीस तिकिटाचे आणि वर खाण्याचे), जुनी चादर, बसायला गादीचा तुकडा, जुलैतही जाड जॅकेट, ओले रुमाल, आणि गाडीत बदलायला एक जोडी बूट. रेडिओ स्कॅनर असेल तर ४५४.००० मेगाहर्ट्‌झ लावून बघा. अनेक ट्रॅकांवर चालकांना मिळणाऱ्या सूचना याच वारंवारितेवर जातात, आणि कोणाला मागे का ढकललं ते लगेच कळतं.

शाकाहारींनी खाण्याचा बंदोबस्त घरूनच करावा. स्टँडवर फ्राइज, नाचोज, पिझ्झा आणि पेनसिल्व्हेनियात पिरोगी मिळतात, पण तळणीचं तेल बहुधा चिकन तळलेलंच असतं. दशम्या आणि कोरडी चटणी धुळीतही टिकतात. बाहेरचं खाणं आत नेऊ देतात की नाही हे ट्रॅकागणिक वेगळं. काचेची बाटली मात्र कुठेच नको.

७. ट्रॅकवर पोहोचल्यावर

अ) पहिल्या हीटच्या दीड-दोन तास आधी पोहोचा. पार्किंग बहुतेक वेळा गवताळ मैदानात असतं. गाडीचं तोंड बाहेरच्या दिशेला ठेवा, उतारावर खालच्या टोकाला लावू नका. रात्री दव आणि चिखल मिळून तिथेच चाकं फिरत राहतात.

आ) तिकीट घेण्याआधी ठरवा: प्रेक्षकांचा स्टँड की पिट, म्हणजे गाड्या आणि चमू थांबतात ते आवार? पिट पास महाग असतो, आणि आत जाताना जबाबदारीमुक्तीच्या कागदावर सही करावी लागते. अल्पवयीन मुलांसाठी पालकांच्या सहीचा वेगळा कागद. बऱ्याच ट्रॅकांवर शर्यती संपल्यावर प्रेक्षकांना पिटमध्ये फुकट सोडतात, म्हणून पहिल्या भेटीला स्टँडचं तिकीट पुरेसं.

इ) जागा. बाकांवर चादरी पसरलेल्या दिसतील. ती नेहमीच्या मंडळींची राखून ठेवलेली जागा. चादर सरकवून बसू नका, भांडण होतं. मातीच्या ट्रॅकवर वळणांसमोरच्या खालच्या ओळी टाळा, ढेकळं थेट तिथेच येतात. दहाव्या ओळीच्या वर बसा. वाऱ्याकडे बघा: झेंडा ट्रॅककडून तुमच्याकडे फडकत असेल तर दुसऱ्या टोकाला सरका, नाहीतर तास-दीड तासात चष्म्यावर बोटाने नाव लिहिता येईल.

ई) क्रम समजून घ्या. आधी गाड्या संथ फिरून माती दाबतात, मग हॉट लॅप, वेळेच्या फेऱ्या (असल्या तर), हीट, हुकलेल्यांसाठी बी-मेन आणि शेवटी फीचर. मुख्य वर्गाचा फीचर शेवटीच असेल असं नाही. तो कितव्या क्रमांकाला आहे हे ध्वनिक्षेपकावर सांगतात. स्प्रिंट कारला स्टार्टर नसतो, ट्रकने ढकलून सुरू करतात. म्हणून एक गाडी फिरून बंद पडली तरी दहा मिनिटं जाऊ शकतात. मधल्या वेळेला जेवून घ्या; फीचरच्या आधी खाण्याची रांग सगळ्यात लांब असते.

तपासणी: पहिल्या शर्यतीला हिरवा झेंडा पडून ती सुरू झाली, की वेळ आणि वर्ग लगेच टिपा. त्यानंतर पाऊस आला तरी तुमचा ट्रॅक झाला.

८. रात्रीचा परतीचा रस्ता

फीचर अकराच्या पुढेही लांबतो. त्यानंतर तीन तास गाडी चालवून घरी जायचा बेत करू नका. मध्य पेनसिल्व्हेनियाच्या आतल्या रस्त्यांवर हरणं आडवी येतात, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तर सर्वाधिक. खोली आजच्या ट्रॅकजवळ न घेता उद्याच्या ट्रॅकच्या वाटेवर तीस-चाळीस मिनिटांवर घ्या, आणि फुकट रद्द करता येणारी घ्या. पाऊस आला तर दुपारीच रद्द करून पर्यायाकडे वळता येतं; रद्द करण्याची मुदत किती वाजता संपते हे आरक्षण करतानाच टिपून ठेवा.

भाड्याची गाडी असेल तर परत देण्याआधी चाकांच्या कमानींतली माती धुवा. सफाईचा आकार लागतो. पेनसिल्व्हेनिया टर्नपाइकवर रोख टोल घेत नाहीत. स्वतःचा ई-झेडपास (टोल आपोआप कापणारं उपकरण) नसेल तर भाडे कंपनी टोलवर स्वतःचा आकार चढवते.

९. नोंद

त्याच रात्री, झोपण्याआधी. तारीख, ट्रॅकचं आजचं नाव, कंसात जुनी नावं, गाव आणि काउंटी, लांबी, पृष्ठभाग, कोणत्या वर्गाची शर्यत बघितली, फीचर पूर्ण बघितला की नाही. सोबत नकाशावरचे अक्षांश-रेखांश लिहा. नावं बदलतात, मालक बदलतात, पण दोन ओळींतले अक्षांश-रेखांश जुळले की एकच ट्रॅक दोनदा मोजला गेलाय हे लगेच लक्षात येतं. तिकिटाचा फोटोही काढून ठेवा, कारण थर्मल कागदावरची छपाई वर्ष-दोन वर्षांत उडते. रद्द झालेल्या फेऱ्याही त्याच वहीत, कारणासकट आणि रेन चेक कधीपर्यंत चालतो त्या तारखेसकट.